दुसऱ्या दाराची सही

१

भैयालालजी साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, साडी घेऊन घरी आले तेव्हा देवश्री जेवत होती. भिंतीवरचं घड्याळ नऊला टेकलं होतं. साडीची पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली आणि तेवढ्यात मलाजखंडहून फोन आला : तुमच्या मुलीनं लग्न मोडलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, समाजभवनात सतरंज्या घातल्या गेल्या. समाजाची ‘सोयरीक’ नावाची वेबसाइट होती. बालाघाटपासून गोंदियापर्यंतची उपवर मुलं-मुली तिच्यावर असत, आणि जुळलेल्या घरांनी एकमेकांना निरोप तिथूनच द्यायचा अशी रीत पडली होती. साइट बनवणाऱ्या रजतनं तो निरोप उभं राहून वाचला.

“मला हे लग्न करायचं नाही. साक्षगंधाची तयारी थांबवावी. देवश्री.”

निरोप शनिवारी रात्री साडेआठला गुणाकरला गेला होता. गुणाकर म्हणजे देवश्रीचा ठरलेला नवरा, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत इंजिनिअर.

“मी नाही लिहिलं,” देवश्री म्हणाली. सव्वीस वर्षांची मुलगी, शाळेत शिकवणारी. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात राग नाही. हजेरी घेताना नाव घ्यावं तसं ती बोलली.

“पण लॉगिन तर तुमचंच आहे ना दीदी,” रजत म्हणाला. “मेलवाल्या कंपनीची सही आहे त्यावर. मशीन झूठ नाही बोलत.”

गुणाकरची आई, चंपाबाई, पदर सावरत म्हणाल्या, “लग्न नको होतं तर तोंडानं सांगायचं होतं. लिहिते काय, नाही म्हणते काय. आमी गुरुवारी येऊन राह्यलो. चार माणसांत हात जोडून माफी मागंल, तर पुढचं पाहू.”

भैयालालजींनी मान डोलावली. कालपासून त्यांनी मुलीच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं.

कोपऱ्यात माणिकताई बसल्या होत्या. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत, आणि देवश्रीच्या आईची, सीतेची, त्या बालपणची मैत्रीण. सीता जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून त्या घरात कोणी मोठ्यानं रडलं नव्हतं आणि मोठ्यानं हसलंही नव्हतं.

“ती नाही म्हणते ना,” माणिकताई हळूच म्हणाल्या, “तर गुरुवारपर्यंत मी पाहते.”

भवनात कोणी तरी खोकललं. देवश्रीनं वर पाहिलंसुद्धा नाही.

२

तुळशीला पाणी घालून पोथीचा अध्याय वाचून होईपर्यंत माणिकताई बोलत नसत. कित्येक वर्षांचा नेम. हे ठाऊक असूनही रजत सोमवारी सकाळी सातलाच येऊन ठेपला. त्यांनी बोटानं खुर्ची दाखवली आणि अध्याय उघडला.

समोरचं माणूस गप्प असलं की बोलणाऱ्याची पंचाईत होते. रजतनं आधी थंडीचा विषय काढला, मग तो स्वतःच उलगडत गेला.

“मॅडम, तुमाले वाटत असंल मी केलं. कसं करणार? पासवर्ड माझ्या साइटवर येतच नाही. पोरगी मेल कंपनीच्या दारावर पासवर्ड देते. कंपनी ओळखते आणि एक टोकन देते, चिठ्ठीच समजा : ही देवश्री आहे, आत्ताच माझ्याकडून आली. खाली कंपनीची सही. ती सही नकली बनवताच येत नाही. मी टोकन घेतो, सही तपासतो, दार उघडतो. बस.”

माणिकताईंनी पान उलटलं.

“आणि ते टोकन चार-पाच मिनिटांत बासी होते. जुनं कोणी ठेवून वापरीन म्हटलं तर नाही चालत. म्हणजे साडेआठच्या आसपासच दीदीनं स्वतः पासवर्ड टाकला. कोणत्या कॉम्प्युटरवरून, ते माझी साइट ठेवत नाही.” तो थांबला. माणिकताईंच्या ओठांची पोथीतली हालचाल चालूच होती. “माझ्या आईनं दोन वर्षांआधी देवश्रीसाठी शब्द टाकला होता, ते तुमाले मालूमच असंल. भैयालाल काकाजींनी नाही म्हटलं. ठीक आहे. आता माझं बी जमलं आहे वारासिवनीले. मी काहून कोणाचं लग्न मोडू?”

अध्याय संपला. माणिकताईंनी पोथीला नमस्कार करून ती कपड्यात बांधली.

“मी तर तुला काही विचारलंच नव्हतं रे,” त्या म्हणाल्या.

रजत खजील हसला. मग एकदम गंभीर झाला. “मॅडम, माझ्यावर शक घ्या, घरच्यांवर घ्या. पण सही सच्ची आहे. दीदीनं नसंल केलं तर मग देवानंच केलं.”

देव असली कामं करत नाही, एवढं माणिकताईंना ठाऊक होतं.

३

भैयालालजी ओसरीत बसून होते. उभी नोकरी जंगल खात्यात, शेवटची वर्षं राजेगावच्या नाक्यावर. लाकडाचे ट्रक अडवून पास तपासणारा माणूस आता स्वतःच अडवल्यासारखा दिसत होता. शेजारच्या घागरीतून त्यांनी स्वतःच पेला भरून घेतला.

“ताई, तुमी कशाले त्रास घेता. पोरीनं केलं, मले पटलं आहे.”

“कशावरून भाऊजी?”

“शनिवारी मी बाजारात होतो, धाकटी अबोली गोंदियाले होस्टेलवर. घरी हीच एकटी.” त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. “आणि हे पाहा. संकष्टीचा चंद्रोदय नऊ वाजता लिहिला आहे. मी नऊले आलो तर ही ताट अर्धं संपवून बसली होती. चंद्र निघाच्या आधी उपास सोडला! आईचा नेम चालवीन म्हणे. ज्या पोरीचं मनच ठिकाणावर नाही ते निरोप बी लिहीन आणि नाही बी म्हणंल.”

“लग्नाला ती तयार होती का?”

“हौ तर. मी विचारलं ना. मलाजखंडले जाऊन पाहून यायचं का, म्हटलं. हौ म्हणाली.”

माणिकताई आत गेल्या. देवश्री तांदूळ निवडत होती. निवडून झालेलेच पुन्हा निवडत होती. तिच्याजवळ अबोली, धाकटी, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. कळताच पहिल्या गाडीनं आलेली. ती मात्र गप्प बसणारी नव्हती.

“मावशी, दीदी माफी मागणार नाही म्हणजे नाही! आणि सांगून टाका त्या चंपाबाईले, साक्षगंध नाही तर नाही. थांबलं ना ते? पक्कं थांबलं ना?”

“जाऊ दे अबोली,” देवश्री म्हणाली. “मावशी, मागून टाकते माफी. काय फरक पडते.”

“न केलेल्याची?”

“केलं काय, नाही केलं काय. मले काही वाटूनच नाही राह्यलं.”

तिचे हात सुपात फिरत राहिले. आई गेल्यावर तिनं घर चालू ठेवलं होतं, दिवा, देव, शाळा, सगळं. फक्त स्वतः त्यात कुठं नव्हती. माणिकताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

“मला एवढंच सांग. शनिवारी जेवायला कधी बसलीस?”

“अर्घ्य दिल्यावर.”

“चंद्र पाहिलास?”

“हौ. गच्चीवर गेली आणि थोड्याच वेळात निघाला. जिल्हा दवाखान्याच्या टाकीमागून. लाल होता.”

बाहेर भैयालालजींनी ते ऐकलं. “ऐका!” ते कडवट हसले. “नऊच्या आधी चंद्र पाहिला म्हणते. आता तो बी हिच्या घरचा झाला.”

४

मंगळवारी गुणाकर मोटरसायकलवरून एकटाच आला. आईला न सांगता. हेल्मेट मांडीवर घेऊन माणिकताईंच्या बैठकीत अवघडून बसला. त्याचं मराठी स्वच्छ होतं, मधूनच हिंदीकडे झुकणारं.

“मॅडम, लोक म्हणत असतील की मलाच लग्न नको होतं आणि मीच कुणाकडून तरी हे करवलं.”

“म्हणतात. खरं आहे का?”

“नाही. मला ती आवडली. पण एक सांगतो, हसू नका. तो निरोप वाचून मला राग नाही आला. हायसं वाटलं.”

“ते कसं?”

“मी तिला तीनदा भेटलो. चहा घेणार? हौ. नोकरी सोडावी लागेल. हौ. तिकडे खाणीचा धुरळा असतो, करमेल का? हौ. तिच्या तोंडून दुसरा शब्दच आला नाही. तो निरोप वाचला आणि वाटलं, चला, आता कुठं ही बोलली.” त्यानं हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा केला. “आणि आता ती म्हणते, तेही मी लिहिलं नाही. म्हणजे ती अजून बोललेलीच नाही.”

जाताना तो उंबऱ्यावर थबकला. “कुणी लिहिलं असेल, मॅडम?”

गुणाकरची मोटरसायकल वळणावर दिसेनाशी झाली तरी माणिकताई दारातच उभ्या होत्या. हा प्रश्न रजतच्या आईनं विचारला होता. भाजीवालीनं विचारला होता. भैयालालजींना तर उत्तरच ठाऊक होतं. ज्यानं-त्यानं विचारलं होतं, कुणी केलं.

एका माणसानं तेवढं विचारलं नव्हतं.

५

पण ते माणूस शनिवारी गोंदियात होतं, आणि सही खरी होती.

संध्याकाळी माणिकताईंनी देवाजवळ दिवा लावला. समोर त्यांचंही तेच कॅलेंडर होतं, मुंबईत छापलेलं, घरोघरी टांगलेलं. त्याच्याकडे पाहता पाहता त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

कॅलेंडरातला चंद्र मुंबईचा होता.

बालाघाट मुंबईच्या किती तरी पूर्वेला. इथे सूर्य काय, चंद्र काय, अर्धा तास आधी येतो. संकष्टी करणाऱ्या इथल्या जुन्या बायकांना हे सवयीनं ठाऊक. त्या छापलेल्या वेळेआधीच आरतीचं ताट घेऊन गच्चीवर जातात. माणिकताई स्वतःही तशाच जात. उपास न करणाऱ्याला मात्र कॅलेंडर पुरतं. भैयालालजींनी कधी उपास केला नव्हता.

म्हणजे देवश्री खरं बोलत होती. साडेआठला ती गच्चीवर होती, हातात अर्घ्याचा तांब्या घेऊन. कॉम्प्युटरजवळ नव्हतीच.

त्यांनी शाल घेतली आणि त्या भैयालालजींकडे गेल्या. देवश्री एकटीच स्वयंपाकघरात होती.

“देवश्री, कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ मुंबईची असते, हे तुझ्या आईनं तुला सांगितलं होतं?”

“नाही. ते सांगत नव्हती, नुसती उठून जायची.” देवश्री म्हणाली, “पहिल्या संकष्टीले मी कॅलेंडर पाहून गेली. चंद्र आधीच वर आलता. मग मी नीट जेवलीच नाही. आई असती तर, असं झालं. मग अबोलीनं मले ते बनवून दिलं.”

“काय?”

“कॉम्प्युटरवर. तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. बालाघाटचा चंद्रोदय बरोबर दाखवते. शनिवारी बी ते पाहूनच वर गेली.”

माणिकताईंचा आवाज आणखी हळू झाला. “ते पान उघडायला काय करावं लागतं गं?”

“काही नाही. मेलचा पासवर्ड टाकला का उघडते. ‘सोयरीक’सारखंच.”

माणिकताईंनी तिथूनच रजतला फोन लावला. “शनिवारचं टोकन तुझ्याकडे आहे?”

“हौ मॅडम, सगळेच पडून असतात. वाचत कोणी नाही. सही जुळली का झालं.”

“आता वाच. कुणाची ओळख आहे ते नको. ती ओळख कोणत्या साइटसाठी दिली आहे, ते वाच.”

बराच वेळ नुसते बटणांचे आवाज आले. मग तेही थांबले.

“मॅडम,” रजतचा आवाज बसला होता, “हे टोकन माझ्यासाठी नाहीच.”

६

गुरुवारी ओसरीवर सगळे जमले. चंपाबाई आणि गुणाकर पाटावर, रजत खांबाला टेकून, अबोली दारात. देवश्री हात जोडायच्या तयारीनं मधोमध उभी. तिला कुणी अजून काही सांगितलं नव्हतं.

“थांब,” माणिकताई म्हणाल्या. “भाऊजी, आधी तुम्हाला एक विचारायचं आहे. राजेगावच्या नाक्यावर लाकडाचा ट्रक आला, पासावर साहेबांचा खरा शिक्का आहे. तुम्ही सोडून द्यायचे?”

“असं कसं सोडीन?” भैयालालजींची पाठ कित्येक दिवसांनी ताठ झाली. “शिक्का तर पाह्यचोच. पण पास कोणत्या डेपोचा आहे? पासावर लांजी लिहिलं आणि गाडी गोंदियाले चालली, तर शिक्का सच्चा असून बी माल चोरीचा. नवीन पोरं इथंच फसत. शिक्का पाह्यला का दांडा वर.”

“रजतच्या साइटनं तेच केलं. शिक्का पाहिला आणि दांडा वर केला.”

रजतनं मान खाली घातली.

“शनिवारी देवश्रीनं चंद्रोदयाची वेळ पाहायला पासवर्ड टाकला. मेल कंपनीनं सही करून ओळख दिली. ही देवश्री आहे, चंद्रोदयाच्या पानासाठी. ती त्या पानाला मिळाली आणि देवश्री गच्चीवर गेली. चंद्र तिनं खरंच पाहिला भाऊजी, कॅलेंडर मुंबईचं आहे. ती वर असताना तीच ओळख कुणी तरी ताजी-ताजी उचलली आणि ‘सोयरीक’च्या दारात दाखवली. साडेआठच का, तर ओळख चार-पाच मिनिटांतच शिळी होते. कुणी तरी टपून बसलं होतं. आणि ज्याचं ते पान, त्यालाच ही ओळख मिळते. मग ते माणूस गोंदियात का असेना.”

कुणीच मागे वळून पाहिलं नाही. पण दारातून हुंदका आला.

“पहिल्याच दिवशी मला कळायला हवं होतं,” माणिकताई अबोलीकडे न पाहता म्हणाल्या. “कुणी केलं, हे सगळ्यांनी विचारलं. तू मात्र साक्षगंध थांबलं का, तेवढंच विचारलंस.”

“मग काय करू!” अबोली ओरडलीच. “दीदीले काही विचारा, हौ. साडी हिरवी घ्यायची? हौ. नोकरी सोडते? हौ. उद्या विहिरीत ढकलू का म्हटलं तर बी हौ म्हणंल! आई गेली तेव्हापासून ते इथं नाहीच. आणि तुमी सगळे तिले पाठवून राह्यले. मले वाटलं, तिच्या नावानं कोणी तरी नाही म्हणावं.”

“आणि तिलाच खोटी पाडलीस,” माणिकताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो लागला. “तुझ्या दुःखाला मी नाव ठेवत नाही. पण तिनं ती ओळख चंद्रासाठी दिली होती गं. तुला विश्वासानं दिली होती.”

अबोली उंबऱ्यावर बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडू लागली.

चंपाबाईंनी सुस्कारा सोडला. “चला, पोरगी निर्दोष निघाली. गणपती पावला. धाकटीनं माफी मागावी आणि मुहूर्त पक्का करू. देवश्री, ठीक ना बाई?”

सगळ्यांना तो शब्द ऐकू आलाच, देवश्रीनं उच्चारायच्या आधी. पण तो आला नाही.

देवश्री वडिलांकडे पाहत होती. “बाबा, नाक्यावरचं ते पुन्हा सांगा.”

“काय?”

“पास लांजीचा आणि गाडी गोंदियाले.”

“त्याचं काय?”

“तुमी मले म्हटलं, मलाजखंडले जाऊन पाहून यायचं का. मी हौ म्हटलं. पाहून याले हौ म्हटलं.” तिचा आवाज तसाच सपाट होता, पण हात आता जोडलेले नव्हते. “लग्नाचं तुमी मले विचारलंच नाही.”

उभ्या नोकरीत भैयालालजींनी चुकीच्या पासावर एक गाडी सोडली नव्हती.

“तर... आता विचारतो,” ते कसेबसे म्हणाले.

देवश्रीनं डोळे मिटले. माणिकताईंना वाटलं, ती स्वतःच्या आत कुठं तरी शोधायला गेली आहे आणि तिथं बराच अंधार आहे.

“निरोप मी नाही लिहिला,” ती म्हणाली. “पण आज हौ बी नाही म्हणू शकत. मले काही वाटतच नाही बाबा. ना खुशी, ना दुःख. वाटंल तेव्हा सांगीन. तोवर माझ्या नावानं कोणी काही सांगू नका. बाबा, तुमी बी नाही. अबोली, तू बी नाही.”

चंपाबाई काही बोलणार, तोच गुणाकर उठला. “आई, चल. हिला वाटेल तेव्हा मी स्वतः येऊन विचारीन. आणि नाही वाटलं तर नाही.” त्यानं माणिकताईंना नमस्कार केला, देवश्रीला नुसती मान लववली, आणि आईला घेऊन तो निघाला. त्यांच्या मागोमाग रजतही चपला शोधून गेला, साइटची दारं आजच्या आज नीट करायला.

ओसरीत घरचेच उरले. खुंटीला साडीची पिशवी अजून तशीच होती. भैयालालजी घागरीकडे वळले, पेला उचलला आणि परत खाली ठेवला.

“देवश्री,” ते म्हणाले. “मले पाणी देशील का?”

आणि ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

“हौ,” देवश्री म्हणाली.

ते हौ पाण्याचं होतं. त्या दिवशी घरात सगळ्यांनी ते तेवढंच घेतलं.